तीन तारखेची सुट्टी

कर्ण्यातून साहेबांचा आवाज आला तेव्हा शिलाई यंत्रांची घरघर चालूच होती, त्यामुळे पहिलं वाक्य कुणालाच नीट ऐकू आलं नाही. मालाचं जहाज कुणासाठी थांबत नाही, एवढंच कानावर पडलं. मग पुढचं आलं. सोमवारी दोन नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या दिवशी, कारखाना चालू राहील. त्या दिवसाची सुट्टी मंगळवारी, तीन तारखेला, भरपगारी दिली जाईल. कुणाचंही नुकसान होणार नाही. धन्यवाद.

यानिरा टी-शर्टाला बाही लावत होती. बाही पार वाकडी लागली, ती तिने उसवली आणि पुन्हा लावली. पुन्हा वाकडी लागली.

"ऐकलंस?" शेजारच्या यंत्रावरून ग्लेंडा म्हणाली. "आता मेलेल्यांनीही पाळीप्रमाणे यायचं."

"त्यांना असं करता येतं?"

"गेल्या वर्षी नाताळ नाही का सरकवला? बाळ येशू आपल्या लाइनीत दोन दिवस उशिरा जन्मला. साहेबांनी केक दिला होता, तुला नव्हता मिळाला?"

जेवणाच्या सुट्टीत दोघी पत्र्याखालच्या बाकावर बसल्या. यानिराने डबा उघडला नाही. ग्लेंडाने आपली रोटी मोडून घडीत राजमा भरला आणि तिच्याकडे बघत बसली.

"सोमवारी नाहीच आले तर?" यानिरा म्हणाली.

"तर सोमवारचा पगार गेला. एक दिवस दांडी मारली की रविवारचाही जातो, हे तुला मी सांगायला नको. आणि बुधवारी येशील तेव्हा तुझ्या यंत्रावर दुसरीच कुणी बसलेली असेल. छान केस विंचरून."

"वडील गेल्यावरचा पहिलाच दोन नोव्हेंबर आहे."

ग्लेंडाने रोटीचा तुकडा मोडला. "मग मंगळवारी जा. थोडी शिळी फुलं घेऊन. कुठे आहेत ते?"

यानिराने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच सांगितलं, "सान ओनोफ्रेला."

ग्लेंडाचा घास हातातच राहिला. "आणि तू राहतेस व्हिया अलिसियात."

"हो."

"मग मंगळवारी जाऊ नकोस," ग्लेंडा म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

सान ओनोफ्रे एका टोळीचं होतं आणि व्हिया अलिसिया दुसरीचं. टोळी हा शब्द मात्र कुणी तोंडातून काढत नसे. आपल्या वस्तीतली ती 'पोरं', आणि पलीकडची ते 'पलीकडचे'. पलीकडून आलेलं माणूस म्हणजे हेर, मग ते बटाटे विकायला येवो की बहिणीला भेटायला. ओळखपत्रावर राहण्याचा पत्ता छापलेला असतो. तो पाहिला की पुढे कुणाला काही विचारावं लागत नाही.

वर्षात दोन नोव्हेंबर तेवढा वेगळा. त्या दिवशी सगळा साल्वादोर देश आपापल्या मेलेल्यांना फुलं वाहायला जातो. सान ओनोफ्रेच्या दफनभूमीच्या दाराशी सैनिक उभे राहतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुरूच्या पानांच्या गोल चक्रांची आणि कागदी फुलांची दुकानं लागतात, तळलेल्या पापड्यांवर मध ओतणाऱ्या बायकांना मान वर करायला सवड नसते. पोरंही येतात, आपापल्या आयांचा हात धरून, आपल्या मेलेल्यांसाठी. त्या दिवशी कुणी कुणाचा पत्ता विचारत नाही. हे कधी कुणी ठरवलं नव्हतं. पण दर वर्षी तसंच घडत आलं होतं, आणि तेवढ्या आधारावर माणसं एका वस्तीतून दुसरीत जाऊन येत होती.

यानिराचे वडील तिबुर्सिओ बस-आगारात रखवालदार होते. वर्षभरात ते एकच सुट्टी मागून घेत, ती दोन नोव्हेंबरची. तिच्या बदल्यात नाताळला आणि नव्या वर्षाला कामावर जात. बाकीचे रखवालदार त्यांना हसायचे. ते म्हणायचे, "मला जिवंतांच्या सणाशी काय करायचंय." यानिराची आई ओतिलिया सान ओनोफ्रेलाच वारली होती, तेव्हा ही माणसं तिथेच राहत. पुढे धाकटा भाऊ मोठा व्हायला लागला आणि त्याला टोळीत ओढायला दारावर थापा पडायला लागल्या. तेव्हा त्याला उत्तरेकडे, अमेरिकेत, पाठवून बापलेकींनी एका पहाटे सामान उचललं आणि भाडं परवडेल तिथे गेली. ते नेमकं पलीकडच्यांचं निघालं. त्यानंतर दर दोन नोव्हेंबरला वडील एकटेच जात. "तू नको येऊस," म्हणत. "म्हाताऱ्याला कोण विचारतंय."

जूनमध्ये ते गेले. त्यांनाही आईशेजारीच ठेवलं. मयताची गाडी कुणी अडवत नाही, म्हणून तेवढं पार पडलं. दफन झाल्यावर यानिरा त्याच गाडीतून, खाली वाकून, परत आली होती. त्याच आठवड्यात पितृदिनाची भरपगारी सुट्टी आली. तिने ती वडिलांचे सदरे इस्त्री करण्यात घालवली, कारण दुसरं काय करावं हे तिला सुचलं नाही.

रविवारभर तिने स्वतःशी हिशेब मांडला. सुट्टी एकट्या तिची थोडीच सरकली होती? कारखान्यातल्या सगळ्यांची सरकली. शेजारच्या कारखान्याचीही सरकली, असं कानावर आलं होतं. एवढ्या हजारो बायका, प्रत्येकीचं कुणी ना कुणी मातीत. त्या सगळ्या तीन तारखेलाच निघणार. म्हणजे तीन तारीख हीच या वर्षीची दोन तारीख. हे तिने सोमवारी ग्लेंडाला सांगितलं तेव्हा ग्लेंडा म्हणाली, "बरोबर आहे तुझं," आणि दोरा ओवायला लागली.

मंगळवारी सकाळी तिने काळा झगा घातला. पायात साधे कापडी जोडे घातले, त्यांच्यावर कसले पट्टे नाहीत ना हे दोनदा पाहिलं. पट्टे आणि आकडे या टोळ्यांच्या खुणा, म्हणून आकडा छापलेलंही अंगावर काही नव्हतं. पिशवीत आकाशी रंग भरलेला डबा, ब्रश, कागदी फुलांचं चक्र, आणि झाकणाच्या डब्यात गुळात शिजवलेला भोपळा. तो वडिलांना आवडायचा. बाहेर पडून तिने दाराला कुलूप लावलं. दार हिरवं होतं, खालची वीतभर पट्टी मात्र नारिंगी. वडील दर वर्षी दार रंगवायचे आणि दर वर्षी रंग खालच्या पट्टीपाशी संपायचा. "दारापुरता मोजून का आणत नाही हो?" ती चिडायची. ते हसायचे फक्त.

बसमध्ये सुरुवातीला बायका होत्या, काहींच्या हातात फुलंही होती, आणि यानिराला बरं वाटलं. पण त्या मधल्याच थांब्यांवर उतरत गेल्या. सान ओनोफ्रेचा चढ लागला तेव्हा ड्रायव्हरने खिडकीची काच खाली केली, हात बाहेर काढून तो रिकामा आहे हे सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि वेग कमी केला. आरशातून त्याने मागे पाहिलं. मागे ती एकटीच होती.

"दफनभूमी?" त्याने विचारलं.

"हो."

"काल होती गर्दी," तो म्हणाला.

ती उतरली आणि बस निघून गेली. रस्त्यावर कालचा सण सांडलेला होता. चुरगळलेले पेले, सुरूच्या काड्या, मध लागलेलं केळीचं पान चाटणारा कुत्रा. एक माणूस दुकानाचे बांबू उतरवत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच पाठ फिरवली. सैनिक नव्हते. बायका नव्हत्या. इथे राहणाऱ्यांपैकी ज्यांची सुट्टी सरकली होती, त्यांनी काल कामावरून सुटल्यावर अंधार पडायच्या आत फुलं वाहून टाकली असणार. ज्यांचे मेलेले आपल्याच वस्तीत असतात, त्यांच्यासारखा हिशेब आपण केला, हे तिला आत्ता कळलं. सुट्टी साहेबांच्या हातात होती. तारीख नव्हती.

परत फिरावं? पुढची बस केव्हा येईल सांगता येत नव्हतं. आणि आलेल्या माणसाने दफनभूमी समोर दिसत असताना परत फिरायचं, म्हणजे हेरच ठरायचं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागली.

दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. पोटुशी, दिवस भरत आलेली, यानिरापेक्षा लहानच असेल. मांडीवर तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी आणि मोबाइल.

"या ताई," ती म्हणाली. "मेलेल्यांचं एक बरं असतं नाही? उशीर झाला तरी रागावत नाहीत."

"नमस्कार," यानिरा म्हणाली.

"कुणाकडे?"

"वडिलांकडे. आईकडे. दोघं इथेच आहेत."

"आणि आज तारीख काय?"

"तीन."

"मग काल काय झोपला होता का?"

"काल कामावर होते. आमच्या कारखान्याने सुट्टी सरकवली. दोनची तीनला दिली."

बाईने कैरीची फोड तोंडात टाकली. "सुट्टी सरकवली. म्हणजे काल मेलेल्यांचा दिवस नव्हता, आज आहे."

"तसंच काहीसं."

"आमच्या कामात बाई असलं काही नसतं. ना सुट्टी, ना सरकवणं." तिने हात पुढे केला. "कार्ड."

यानिराने ओळखपत्र दिलं. बाईने ते उन्हात धरलं, वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची चेष्टा हळूहळू विझली. तिने मोबाइल कानाला लावला. "हां, येसेनिया बोलतेय. एक बाई आलीय. एकटी. व्हिया अलिसियाची." मग तिने बराच वेळ नुसतं ऐकलं. यानिरा तिच्या पायांकडे पाहत राहिली. पाय सुजले होते, सपातांचे पट्टे मांसात रुतले होते. "बघते," येसेनिया शेवटी म्हणाली आणि फोन ठेवला. ओळखपत्र तिने आपल्या झग्याच्या खिशात टाकलं.

"पिशवी."

पिशवी उघडली. रंगाचा डबा तिने हलवून पाहिला. भोपळ्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि बोटांनी एक फोड उचलून खाल्ली.

"गूळ जास्त झालाय," ती म्हणाली. "चला. दाखवा तुमचे वडील."

"मी जाते, तुम्हाला त्रास..."

"डॉक्टर म्हणतात चालत जा."

दोघी आत निघाल्या. येसेनिया मागे, कमरेवर हात ठेवून, हळू. तिच्या चालीने चालायचं म्हणून यानिराला हळू चालावं लागत होतं, आणि हळू चालणं फार कठीण होतं. दोन्ही बाजूंना सगळी थडगी सजलेली. लाल, पिवळी, जांभळी कागदी फुलं, त्यांच्यावर दव पडून रंग ओघळलेला. लांब भिंतीपाशी एक म्हातारा बादलीत ब्रश धूत होता. यानिराने त्याला ओळखलं. सेफेरिनो. ती लहान असल्यापासून तो इथे क्रूस रंगवायचा आणि खड्डे खणायचा.

"काल तुमच्याकडून कुणीच नव्हतं आलं?" मागून प्रश्न आला.

"कुणीच नाही. आमचं दुसरं कुणी नाहीच. भाऊ उत्तरेत आहे."

"म्हणजे थडगं उघडंच असेल."

"उघडंच असेल," यानिरा म्हणाली. आणि तिला वाटलं, हे बरं झालं. उघडं थडगं पाहिलं की हिला पटेल. एवढ्या सजलेल्या थडग्यांत ते एकच उघडं दिसेल, आणि आपण खरं बोलतोय हे पटेल.

वळणावरच्या आंब्याखाली आईचा सिमेंटचा क्रूस होता, त्याच्या शेजारी वडिलांचा. दोन्ही पांढरेशुभ्र होते. ताजा रंग. दोघांच्या मध्ये सुरूचं चक्र, त्यात कालची फुलं.

यानिरा थांबली. मागची पावलंही थांबली.

येसेनिया पुढे आली. ती वाकली, एका हाताने पोट सावरत, आणि बोट क्रूसावर टेकवून पाहिलं. बोटाला किंचित पांढरं लागलं. ते तिने यानिराला दाखवलं.

"मला माहीत नाही," यानिरा म्हणाली.

"कुणी नाही म्हणालात."

"कुणी नाहीये."

"मग हे कुणी केलं? इथलं कोण आहे तुमचं?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं यानिराला वाटलं. प्रश्न फुलांचा राहिला नव्हता, हे तिला कळत होतं. पलीकडून एक बाई आली, तिचं इथे कुणीतरी आहे, आणि ते ती लपवतेय. असं माणूस इथून कुठे नेतात, हे कुणी कुणाला सांगत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

तिची नजर आपसूक भिंतीकडे गेली. म्हाताऱ्याच्या बादलीच्या काठावर पांढरा रंग वाळला होता. तिने नजर ओढून घेतली, पण येसेनियाने ती पाहिली होती.

"काका," येसेनियाने हाक मारली. "जरा इकडे."

सेफेरिनो हात पुसत आला. टोपी काढून उभा राहिला.

"हिला ओळखता?"

म्हाताऱ्याने यानिराकडे पाहिलं. नीट पाहिलं. लहानपणी त्याने तिला रंगाच्या रिकाम्या डब्यात बेडूक धरून दिला होता.

"नाही बाई," तो म्हणाला. "मी खड्डे बघतो आणि रंग बघतो. माणसं बघत नाही."

"हे कुणी रंगवलं?"

"काल इतके रंगवले. कुणी सांगितलं, कुणी नाही सांगितलं. आठवत नाही."

"आणि तुम्ही?" येसेनिया यानिराकडे वळली. "यांना ओळखता?"

हो म्हटलं तर म्हातारा तिचा माणूस ठरला. आई गेली त्या दिवशी खड्डा यानेच खणला होता आणि नंतर बराच वेळ वडिलांशेजारी उभा राहिला होता.

"नाही," यानिरा म्हणाली.

फोन वाजला. येसेनियाने पाहिलं, उचलला नाही. तो वाजून थांबला. "ते वर येतील," ती म्हणाली. "ते आले की मग माझ्या हातात काही नाही. तुमचे वडील आहेत हे, तर काहीतरी सांगा. काहीतरी असं, जे दुसऱ्या कुणाला माहीत नसेल. नाव नको. नाव तर मलाही वाचता येतं."

काय सांगणार? त्यांना भोपळा आवडायचा. ते झोपेत घोरायचे. यातलं काय या मातीतून वर काढून दाखवता येणार होतं? यानिरा क्रूसांकडे बघत राहिली. दफनाचा दिवस सोडला, तर इथे येऊन किती वर्षं झाली होती. वडील यायचे, तीच येत नव्हती. वडील सकाळी रंगाचा डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी दार रंगवायला घ्यायचे.

दार.

"वडील दर वर्षी आईचा क्रूस रंगवायचे," ती म्हणाली. "दर वर्षी नवा रंग. या पांढऱ्याखाली हिरवा आहे."

"कशावरून?"

"आमचं दार हिरवं आहे. इथला उरलेला रंग ते दाराला लावायचे."

हे बोलताना तिला कळलं, की आपण इतकी वर्षं उलटं समजत होतो. रंग दारासाठी आणतात आणि त्यातला थोडा आईला देतात, असं तिला वाटायचं. डबा इथे आधी उघडायचा. दाराला मिळायचं ते उरलेलं, म्हणून तर खालची पट्टी राहायची.

"हिरव्याखाली?" येसेनियाने विचारलं.

"नारिंगी. त्याखाली गुलाबी. त्याखाली पिवळा, तो आम्ही इथे राहत होतो तेव्हाचा. तेव्हा मीही आले होते."

येसेनियाने केसातली पिन काढून तिच्यापुढे धरली. "खरवडा."

आईच्या क्रूसाच्या आडव्या हाताखाली, पाऊस लागत नाही अशा जागी, यानिराने पिन टेकवली. पांढरा ओलसरच होता, चटकन निघाला. हिरवा दिसला. आपल्या दाराचाच हिरवा. तिने जोर दिला. हिरव्याचा पापुद्रा सुटला आणि खाली नारिंगी निघाला. येसेनिया अगदी जवळ वाकली होती, तिच्या श्वासाला कैरीचा वास येत होता.

नारिंगी सुटला. खाली तपकिरी होता.

यानिराचा हात थांबला.

"गुलाबी म्हणालात," येसेनिया म्हणाली.

दार कधीच तपकिरी नव्हतं. यानिराने सगळी वर्षं डोळ्यांसमोरून नेली. तपकिरी नव्हतंच. ही माती असेल, जुना गंज असेल, दुसऱ्या कुणाचा क्रूस असेल, आपण चुकीच्या क्रूसापाशी उभ्या आहोत असंही क्षणभर वाटलं. मागे कुठेतरी मोटरसायकलचा आवाज आला, चढावर वाढला.

"हा कुठला?"

"मला माहीत नाही," यानिरा म्हणाली. "खरंच माहीत नाही. दार कधी तपकिरी नव्हतं. एका वर्षी ते आले नव्हते. भावाला पाठवलं त्याच्या पुढच्या वर्षी. इथे फार मारामाऱ्या चालल्या होत्या, मी त्यांच्याकडून न येण्याची शपथ घेतली होती. त्यांनी दारही रंगवलं नाही. म्हणाले, कामावर होतो."

ती बोलायची थांबली. पिन हातात तशीच होती. मग तिने न सांगता, अगदी हळू, तपकिरी खरवडायला घेतला. तो पातळ होता, एकच हात दिलेला. डबा लहान घेतला असेल, घरी परत न्यायला काही उरू नये, तिला कळू नये म्हणून. तपकिरी सुटला आणि खाली गुलाबी निघाला.

येसेनिया सरळ उभी राहिली. तिने कमरेला हात लावून मोठा श्वास सोडला.

"खोटं बोलायला आलेलीला सगळं पाठ असतं," ती म्हणाली. मोटरसायकलचा आवाज दाराशी येऊन थांबला होता. तिने फोन कानाला धरला. "काही नाही. येऊ नका वर. हो, मी बघितलंय. बापच आहे तिचा." मग ऐकून घेतलं. "मी सांगतेय ना. माझ्यावर." फोन ठेवल्यावर ती जरा वेळ पोट चोळत उभी राहिली. तिचाही चेहरा फिका पडला होता.

"माझी आईपण शिवायची," ती म्हणाली. "टी-शर्टच. तिचीही सुट्टी सरकवायचे." तिने ओळखपत्र काढून यानिराच्या हातात दिलं. "लवकर आटपा. आणि पुढल्या वर्षी दोनलाच या."

"दोनला सुट्टी मिळाली नाही तर?"

"तर येऊ नका," येसेनिया म्हणाली, आणि पिन परत केसात खोवून, सुजलेल्या पायांनी, दाराकडे निघून गेली.

यानिराने डबा उघडला. ब्रश तिने दोन्ही हातांनी धरला. आधी आईचा क्रूस, मग वडिलांचा. खरवडलेली जागा तिने शेवटपर्यंत ठेवली, आणि मग तीही रंगवली. आकाशी रंग पांढऱ्यावर जाडाभरडा बसला, थेंब ओघळले. ते पुसत ती थांबली नाही. प्रार्थना म्हणायची होती, पण पहिल्या शब्दापुढे जाता येईना. प्रत्येक आवाजाला मान वळत होती.

सेफेरिनो बादली घेऊन शेजारच्या ओळीत आला होता. तिच्याकडे न पाहता तो वाळलेली पानं गोळा करत होता.

"काल पांढराच उरला होता," तो पानांना म्हणाला. "तिबुर्सिओ दर वर्षी यायचा. वाटलं, उघडा कसा राहू द्यायचा."

"चांगला दिसत होता," यानिरा क्रूसाला म्हणाली.

"ओळखलं होतं मी तुला, पोरी."

"मीपण, काका."

तिने भोपळ्याचा डबा वडिलांच्या क्रूसापाशी ठेवला, झाकण नीट बसवलं. "त्यांना जास्त गोड चालायचं," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"तोच आणायचा माझ्यासाठी," म्हातारा म्हणाला. "तू जा आता. मी घेईन नंतर."

दाराशी खुर्ची रिकामी होती. मोटरसायकलवर दोघे बसले होते. त्यांनी तिला जाऊ दिलं, पण नजर तिच्या पाठीवर ठेवली. ती नजर थेट थांब्यापर्यंत तिला जाणवत राहिली, आणि बस आल्यावरही, आणि चढ उतरून बस मोठ्या रस्त्याला लागल्यावरही. ड्रायव्हर दुसरा होता. व्हिया अलिसियाच्या तोंडाशी त्यानेही काच खाली केली, हात बाहेर काढला. इथल्या पोरांनीही तिच्याकडे पाहिलं. काळा झगा, बोटांना रंग, सणसुट्टी नसलेल्या दिवशी. एकाने विचारलं, "कुठून, ताई?"

"कामावरून," ती म्हणाली.

घरी येऊन तिने आतून कडी लावली आणि जमिनीवर बसून राहिली. मग तिला डबा आठवला. रंग वाळून गेला असता.

बाहेर अजून ऊन होतं. तिने दार उघडं ठेवूनच वरून सुरुवात केली. शेजारीण बघून गेली, म्हणाली, "यंदा उशीर केलास," आणि यानिरा "हो" म्हणाली. हिरवा हळूहळू झाकत गेला. कडी, कुलपाची पट्टी, मधली फळी. खालच्या बाजूला आल्यावर ब्रश डब्याच्या तळाशी खरखरायला लागला. तिने डबा वाकडा करून काठावरचं सगळं पुसून घेतलं. तरी पुरला नाही.

खाली वीतभर हिरवी पट्टी राहिली. तिच्याखाली, अगदी उंबऱ्याशी, नारिंगी. तिने ब्रश धुतला आणि दार वाळेपर्यंत तिथेच पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून, बसून राहिली. कुणी वळणावरून आलं की ती उठून आत जाई, आणि ते गेलं की परत बाहेर येई.